खानावळीसमोरची बुळबुळ

दवाखान्यात त्यांना सगळे प्लास्टरबाई म्हणायचे. हाडांच्या विभागात बत्तीस वर्षं त्यांनी प्लास्टर घातली आणि कापली. घालणं सोपं असतं, कापताना खरी नाकाची परीक्षा. सहा आठवडे पाणी न लागलेली कातडी, खाजवायला आत घातलेल्या आणि आतच राहिलेल्या विणकामाच्या सुया, घामाने कुजलेला कापूस. नव्या नर्सेस तोंडावर हात धरून बाहेर पळायच्या. बाई मात्र कोमट पाण्यात कापड बुडवून तो हात किंवा पाय सावकाश पुसायच्या, जसं काही घरचं लेकरू आंघोळीला बसलंय. त्यांचं म्हणणं असं की शरीराला वास येतो, त्यात शरीराचा काय गुन्हा? तेव्हा किळस हा शब्द बाईंच्या तोंडी कधी नव्हता. तो आला निवृत्तीनंतर, चौसष्टाव्या वर्षी, घरापासून दोनशे पावलांवर.

त्या राहायच्या थोरल्या बहिणीबरोबर. बाईंनी लग्न केलं नव्हतं आणि अक्काचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. दोघींना दोन खोल्या पुरेशा होत्या. अक्का शहात्तर वर्षांची. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासलेली, त्यामुळे चुकलेला शब्द दिसला की तिचा हात शिवशिवायचा. रोज सकाळी साडेनऊला ती रस्त्याच्या टोकाच्या वाचनालयात जायची आणि तिथल्या वर्तमानपत्रांत पेन्सिलीने चुका दुरुस्त करत बसायची. ग्रंथपाल वैतागायचा. "आजी, हे सार्वजनिक पेपर आहेत." अक्का म्हणायची, "म्हणूनच नीट हवेत." मग बाराला घरी.

वाटेत एक खानावळ होती. मागचं गटार कधीतरी तुंबलं, तेव्हापासून खानावळवाल्याने भांडी धुवायचा नळ पुढे फुटपाथच्या कडेला आणला होता. सकाळभर तिथे पातेली घासली जायची आणि ते पाणी, तेलासकट, शितांसकट, साबणाच्या फेसासकट, फुटपाथवरून तिरकं वाहत रस्त्यावर उतरायचं. तिथल्या फरशांवर करडी, जाड साय धरली होती. एका बाजूला स्कूटरी लावलेल्या, दुसऱ्या बाजूला थुंकून रंगवलेली भिंत. माणसाने जायचं त्या सायीवरूनच.

एका मंगळवारी पावणेदहाच्या सुमाराला अक्काचा पाय त्या सायीवरून गेला. डाव्या हातात पिशवी होती, उजवा मोकळा होता, तोच तिने पुढे टेकला.

शेजारच्या इस्त्रीवाल्याने धावत येऊन दारावर थाप मारली तेव्हा बाई जेवणाची तयारी करत होत्या. गॅस बंद केला की नाही हे त्यांना नंतरही आठवलं नाही. जाऊन बघतात तर अक्का बसलेली, पाठ स्कूटरच्या चाकाला टेकलेली. उजवं मनगट मागे चढलेलं, जेवणाच्या काट्याला असतो तसा बाक आलेला. हे दुखणं बाईंनी हजारदा पाहिलं होतं. पण अक्काच्या केसांत भाताची फुगलेली शितं होती, गालावर काळपट तेलाचा ओघळ होता. भोवती चार माणसं उभी, त्यातला एक मोबाइलवर चित्रण करत होता. आणि खानावळीतला भांडीवाला बादली घेऊन म्हणत होता, "जरा बाजूला घ्या त्यांना, पाणी टाकायचंय."

"टाक," बाई म्हणाल्या. "माझ्या अंगावर टाक. बघू."

त्याने बादली खाली ठेवली. मग मालक स्वतः बाहेर आला. पोट पुढे, खांद्यावर फडकं, चेहऱ्यावर काळजीचा साबण फासलेला.

"अरेरे. आजी, या वयात एकट्याने फिरायचं नाही हो. घरचे लोक काय करतात?" त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. ग्लासवर पाच बोटांचे पाच चिकट ठसे होते.

बत्तीस वर्षांत न आलेली शिसारी बाईंना त्या ग्लासने आणली. त्यांनी स्वतःच्या ओढणीने अक्काचा चेहरा पुसला, केसांतलं एकेक शीत काढलं, पिशवीतल्या वर्तमानपत्राची घडी मनगटाखाली घेऊन रुमालाने बांधली आणि तिला रिक्षात घातलं. ग्लास तसाच मालकाच्या हातात राहिला.

सहा आठवडे प्लास्टर. ते घालणारी नवी मुलगी बाईंना बघून इतकी घाबरली की पट्टी दोनदा गुंडाळली. हाड मात्र व्यवस्थित जुळलं. बाई रोज अक्काकडून बोटं हलवून घ्यायच्या, खांदा फिरवून घ्यायच्या. हाताची काळजी नव्हती.

काळजी वेगळीच निघाली. प्लास्टर निघालं आणि अक्का बाहेर जायचं नावच काढेना.

"उद्या जाईन," ती म्हणायची. मग, "आज जरा ढग आहेत." मग, "त्या वर्तमानपत्रांत वाचण्यासारखं असतं काय?" तिच्या तोंडी हे वाक्य म्हणजे आजारच होता.

आणि सगळ्या जगाला हे पसंत पडलं. समोरची शेजारीण म्हणाली, "हातावर निभावलं, नशीब समजा. आता आराम करायचा." अक्काच्या मुलाचा परगावाहून फोन आला. "मावशी, आईला आता बाहेर सोडू नकोस हं."

"सोडू नकोस म्हणजे? ती काय मांजर आहे?"

"तसं नाही गं. पण पडली म्हणजे? कमरेचं हाड मोडलं म्हणजे? मला इथून येणं जमणार आहे का?"

शेवटच्या वाक्यात पोटातलं ओठांवर आलं होतं. बाईंनी फोन ठेवला आणि उगाच हात धुतले.

दोन आठवड्यांनी बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. अक्का खुर्चीतून उठताना तीन झोके घ्यायला लागली होती. पहिल्या झोक्याला जमेना, दुसऱ्याला जमेना, तिसऱ्याला दोन्ही हातांनी खुर्ची रेटून ती उठायची. न्हाणीघरात जाताना भिंतीला हात लावत जायची आणि भिंतीवर हाताच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटला होता. पडली होती बाहेर, हात बरा झाला होता, आणि आता पाय निकामी होत चालले होते.

तो पट्टा पुसताना बाईंना एक म्हातारा शिंपी आठवला. अकरा-बारा वर्षं झाली असतील. रस्त्यात गटाराच्या उघड्या झाकणाला अडखळून पडला होता, मनगटच मोडलं होतं. प्लास्टर कापताना बाईंनी त्याला सांगितलं, "आजोबा, आता पुरे झालं भटकणं. घरात बसा." म्हणजे हे त्या सगळ्यांनाच सांगायच्या. दिवसाला आठ-दहा वेळा, हात पुसता पुसता, सवयीने. आठ महिन्यांनी तोच शिंपी स्ट्रेचरवरून आला. खुब्याचं हाड मोडलेलं, पाय काडीसारखे झालेले. पलंग आणि न्हाणीघर यांच्यामध्ये पडला होता. बाईंना ओळखून तो हसला होता. म्हणाला, "तुम्ही सांगितलं तसा घरातच होतो हो बाई."

त्या वेळी बाईंना फक्त वाईट वाटलं होतं. आता भिंतीसमोर उकिडवं बसून त्यांना स्वतःची किळस आली. खानावळवाला जे म्हणाला, भाचा जे म्हणाला, तेच त्या बत्तीस वर्षं पगारी म्हणत आल्या होत्या. आणि ज्याने झाकण उघडं टाकलं त्याला कुणी काही म्हणालं नव्हतं. उलट पडलेला माणूसच दरवेळी म्हणायचा, "माझंच लक्ष नव्हतं."

त्यांनी फडकं पिळलं आणि अक्काच्या खोलीत गेल्या. "ऊठ."

"आता काय?"

"हात न लावता ऊठ."

"मला नाही जमत."

"म्हणूनच म्हणतेय."

त्या दिवसापासून घरात रोज दोनदा भांडण सुरू झालं. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, आधी तीनदा, मग पाचदा, मग दहादा. ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. बाई मागे एक हात अंतरावर, पकडायला तयार, पण न पकडता. अक्का म्हणायची, "छापखान्याच्या मालकाने मला इतकं राबवलं नव्हतं." पण करायची.

मग बाईंनी अक्काच्या चपला उलट्या करून बघितल्या. तळ गुळगुळीत झालेले, टाचेला काही नाही, बोटांनी धरून ठेवाव्या लागणाऱ्या. "हे घालून तू बाहेर फिरत होतीस? हे तर पायाला लावलेले साबण आहेत." मागून बंद, पट्ट्याचे, पातळ पण खरखरीत तळाचे बूट आले. अक्काने नाक मुरडलं. नर्सचे दिसतात म्हणाली. नर्सचेच होते.

चष्म्याचं मात्र अक्काने स्वतः सांगितलं. तिच्या चष्म्यात खालच्या अर्ध्या भागात वाचायचा नंबर होता. "खाली बघितलं की फुटपाथची कड जवळ आल्यासारखी दिसते गं. पाऊल कुठे पडणार तेच कळत नाही. मला वाटायचं, म्हातारपण." बाईंनी कपाळावर हात मारला. चष्मेवाल्याने तिला चालण्यासाठी फक्त लांबचं बघायचा वेगळा चष्मा करून दिला. मुद्रितं तपासणाऱ्या बाईला अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून सगळ्यांनी आयुष्यभर धडपड केली होती. तिला जमीन दिसते का, हे कुणी विचारलं नव्हतं.

काठीचं प्रकरण आणखी घाण झालं. वॉर्ड ऑफिसने ज्येष्ठांसाठी कार्यक्रम ठेवला होता, मोफत काठीवाटप. सभागृह वरच्या मजल्यावर. अठरा पायऱ्या आणि एकाही बाजूला धरायला कठडा नाही. सत्तर-ऐंशी म्हातारी माणसं एकमेकांना धरून धरून वर चढली. पुढाऱ्याची वाट बघत दोन तास बसली. त्याने आल्यावर "आमचे आधारस्तंभ" म्हणून अर्धा तास भाषण केलं आणि भाषणभर तो फोनवर बोटं फिरवत होता. मग काठ्या. सगळ्यांना एकाच उंचीच्या. मुठीखाली पुढाऱ्याचा हसरा फोटो चिकटवलेला. पाठ वाकलेल्या एका आजींच्या तर ती काखेत जात होती. बाईंनी काठी उलटी करून खालचं रबर दाबून बघितलं. टणक आणि निसरडं, बाटलीच्या झाकणासारखं.

"हे फरशीवर घसरणार," त्या वाटप करणाऱ्याला म्हणाल्या.

"फोटो झाला ना मावशी? मग पुढे चला, मागे रांग आहे."

घरी येऊन बाईंनी काठी करवतीने कापली. अक्का सरळ उभी, हात खाली सोडलेला, मनगटाच्या रेषेपर्यंत. दवाखान्यातल्या जुन्या मदतनिसाकडून खाचांचं जाड रबर आणून खाली बसवलं. मग नखाने पुढाऱ्याचा फोटो खरवडला. चेहरा निघाला पण गोंद राहिला, बोटांनाही चिकटला. रॉकेलने घासला तेव्हा कुठे गेला.

आता बहिणीला पाय होते, बूट होते, डोळे होते, काठी होती. पण फुटपाथ तोच होता. बाई तक्रार घेऊन वॉर्ड ऑफिसात गेल्या. तिथला साहेब पेनाच्या टोपणाने कान कोरत होता.

"फरशी आमची," तो म्हणाला. "पण पाणी आमचं नाही. पाणी आरोग्य विभागाचं. गटार ड्रेनेजचं. स्कूटरी वाहतूकवाल्यांच्या."

"आणि पडलेली बाई कुणाची?"

साहेबाने टोपण कानातून काढलं, बघितलं, पेनाला लावलं आणि पेन दातांत धरून तो हसला. बाई अर्ज टेबलावर ठेवून, टेबलाला स्पर्श न करता, बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता त्या घरातलं प्लास्टिकचं स्टूल घेऊन निघाल्या आणि खानावळीसमोर, त्या करड्या सायीच्या काठाला, कोरड्या जागी मांडून बसल्या. खानावळ पुढून उघडी होती, टेबलं रस्त्याकडे तोंड करून. जेवणाची गर्दी सुरू झालेली.

आधी त्या फक्त जाणाऱ्या-येणाऱ्या म्हाताऱ्यांना हात द्यायच्या. "इथून नको आजोबा. माझा हात धरा, स्कूटरच्या बाजूने या. हं, आता टाका पाऊल." मग पहिल्या टेबलावरच्या एकाने विचारलं, "आजी, काय झालंय तिथे?"

बाईंनी प्लास्टर कापायच्या खोलीतल्या आवाजात, म्हणजे स्वच्छ, शांत आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं, "चरबी आहे. वरचा थर आजचा, खालचा परवाचा. ते पांढरं दिसतंय ना, ती फुगलेली शितं. हिरवं आहे ते शेवाळ, ते उष्ट्यावर वाढलंय. आणि हा काळा भाग थुंकीचा. याच पाण्यात ती बादली ठेवतात बघा. त्याच बादलीत तुमची ताटं बुचकळतात."

त्या माणसाने हातातला घास ताटात ठेवला. शेजारच्याने स्वतःचं ताट उचलून खालून बघितलं.

मालक फडकं झटकत बाहेर आला. "मावशी, उन्हात कशाला? आत या, चहा घ्या."

"कुठल्या कपात?"

दुसऱ्या दिवशीही त्या आल्या. कुणी विचारलं की सांगायच्या, न विचारता एक शब्द नाही. खोटं तर अक्षरही नव्हतं. तिसऱ्या दिवशी निम्मी टेबलं रिकामी होती आणि मालकाचा तोल गेला. फुटपाथवर येऊन तो ओरडला, "तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय!"

"कुठला देतेय, शेठ? तुमच्या दारात पाय ठरतोय का कुणाचा?"

टेबलांवरून हसण्याचा आवाज आला. मालकाने मागे वळून बघितलं आणि चिडून पुढे आला, तशी त्याची एक टाच सर्रकन सुटली. तो पडला नाही, स्कूटरच्या आरशाला धरून सावरला. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला बाईंना दिसला. त्यांना आनंद झाला नाही. पुन्हा शिसारीच आली, कारण त्या क्षणी त्या माणसाला पहिल्यांदा समजलं होतं की फरशी निसरडी आहे, आणि त्यासाठी स्वतःचाच पाय घसरावा लागला होता.

चौथ्या दिवशी मागचं गटार उघडलं गेलं. गटारवाल्याने बांबू घालून जे बाहेर काढलं ते पाहून रस्त्यावरचे लोक नाक धरून पांगले. पिवळट, घट्ट, विटांसारखे चरबीचे तुकडे, त्यात अडकलेल्या चिंध्या आणि हाडं. तो बिचारा दोनदा बाजूला जाऊन ओकला. बाईंनी त्याला पाणी नेऊन दिलं, घरच्या तांब्यात. मग नळ मागे गेला. भांडीवाल्याने सोड्याचं उकळतं पाणी आणि तारेचा ब्रश घेऊन दोन दिवस फरशा घासल्या.

सायीखालून फरशा वर आल्या तेव्हा बाई वाकून बघत राहिल्या. प्रत्येक फरशीवर बोटभर अंतराने बारीक खाचा होत्या. पाय घसरू नये म्हणून मुद्दाम पाडलेल्या. कुण्या शहाण्या माणसाने कधीतरी विचार करून त्या फरशा निवडल्या होत्या, आणि बाकीच्यांनी मिळून त्या खाचा तेलाने भरून काढल्या होत्या.

अक्का पहिल्या दिवशी फाटकापर्यंत गेली. फाटकाला घट्ट धरून उभी राहिली, बोटं पांढरी पडेपर्यंत. चौथ्या दिवशी इस्त्रीवाल्यापर्यंत. एक दिवस मध्येच रडली आणि परत आली. दहाव्या दिवशी खानावळीपाशी थांबून तिने काठीच्या टोकाने फरशी दाबून बघितली, एकदा, दोनदा, आणि मग पाऊल टाकलं. त्या दिवशी ती वाचनालयात पोचली. ग्रंथपालाने टेबलावर टोक केलेली पेन्सिल ठेवली.

आठवडाभर बाई मागे मागे जात होत्या. मग अक्का रस्त्यातच वळली. "हे बघ, तू यायचं नाहीस. तुझं ते एरंडेल प्यायल्यासारखं तोंड सारखं पाठीमागे असतं. मला पडायची भीती नसली तरी ते बघून वाटायला लागते."

"मी रस्ता बघत असते."

"मग रस्ता बघ. मला नको बघूस."

बाईंना ते लागलं, पण पटलंही. आता अक्का एकटी जाते. दोन्ही हातांत सामान घेत नाही, एक खांद्याला अडकवायची पिशवी. अडचण दिसली तर थांबते, घाईने पाय उचलत नाही. कुणी म्हणालं, "या वयात कशाला?" तर ती म्हणते, "या वयात चालले नाही तर कुठल्या वयात चालू?"

बाई रोज दुपारी एकदा तो रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून येतात. वॉर्ड ऑफिसचं उत्तर अजून आलेलं नाही. वाचनालयासमोरची एक फरशी हलते, ती हलतेच आहे. बाईंनी तिच्यावर पिवळ्या ऑइलपेंटने जाड फुली मारून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्या फुलीवर थुंकलं होतं. त्यांनी पुन्हा रंगवली. खानावळवाला त्यांच्याशी बोलत नाही. महिन्यातून एकदा तरी फेसाचं पाणी पुन्हा पुढे येतं. मग बाई स्टूल घेऊन निघतात, आणि स्टूल दिसलं की आतून ब्रश घेऊन माणूस बाहेर येतो. ही त्यांची जीत आहे असं शेजारीण म्हणते. बाईंना तसं वाटत नाही. चौसष्ट वर्षांच्या बाईने दारात पहारा दिल्याशिवाय दोनशे पावलांचा रस्ता कोरडा राहत नाही, यात कसली आलीय जीत? त्यांना अजून किळसच येते, आणि ती जावी अशी त्यांची इच्छाही नाही.

परवा एक वयस्क गृहस्थ खानावळीपाशी थबकले. हातात नवी काठी, पाय पुढे-मागे. बाईंनी त्यांच्या काठीचं रबर बघितलं, बूट बघितले, मग खाली बघितलं.

"इथून जाऊ का हो?" त्यांनी विचारलं.

"जा," बाई म्हणाल्या. "आजचं मी बघितलंय."